आप्तकौल

साक्षीदार धडधडीत खोटं बोलत होता. ते अमरावतीच्या जिल्हा न्यायालयातल्या शिपायालाही कळत होतं आणि उलटतपासणीला उभ्या असलेल्या ॲड. शलाका इंगोले यांनाही कळत होतं. पुढचा प्रश्न कोणता विचारायचा, एवढंच फक्त त्यांना सुचत नव्हतं. प्रश्न जिभेवर येऊन परत जात होता. न्यायाधीशांनी थोडी वाट पाहिली आणि मग सौजन्यानं म्हणाले, "मॅडम, पाणी घ्या. हवं तर पुढची तारीख घेऊ."

एके काळी याच बाईंची उलटतपासणी ऐकायला इतर वकील हातातली कामं टाकून मागच्या बाकांवर येऊन बसत. आता त्या जेवणाच्या सुट्टीआधीच पेंगत, भर एप्रिलात अंगावर शाल घेत आणि बहुतेक वेळ प्रतिज्ञापत्रांवर सह्या करण्यात घालवत. 'शलाकाताई मवाळ झाल्या' असं बार रूममध्ये कौतुकानं म्हटलं जाई. त्यांच्या डाव्या दंडातली मात्रिका मात्र आपलं काम चोख करत होती. मोबाइलवर हिरवा ठिपका होता आणि त्याच्याखाली दोन शब्द होते: 'मात्रा योग्य'.

गळ्यात समोरच्या बाजूला थायरॉइड नावाची ग्रंथी असते. ती थायरॉक्सिन हे संप्रेरक तयार करते, आणि शरीरानं किती वेगानं चालायचं ते या संप्रेरकावर ठरतं. हृदय, आतडी, कातडी, विचार, सगळंच त्याच्या तालावर. ग्रंथी कमी पडू लागली की माणूस हळूहळू मंदावतो. पूर्वी यावर रोज पहाटे अनशापोटी गोळी घ्यावी लागे आणि नंतर तासभर चहाचं नाव काढायचं नाही. दोन-तीन महिन्यांनी रक्त तपासायचं आणि टीएसएचचा आकडा पाहून गोळी वाढवायची किंवा घटवायची. टीएसएच म्हणजे मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीनं थायरॉइडला दिलेली हाक. थायरॉक्सिन कमी पडलं की हाक मोठी होते, आकडा वाढतो. लॅबच्या कागदावर या आकड्याची जी हद्द छापलेली असे ती चांगली ऐसपैस होती. हद्दीच्या एका टोकाला टवटवीत असलेली बाई दुसऱ्या टोकाला अर्धमेली असू शके, आणि दोन्ही वेळा डॉक्टर तेच सांगत, "रिपोर्ट नॉर्मल आहे."

खरं तर त्या ऐसपैस हद्दीत प्रत्येक माणसाची स्वतःची एक अरुंद जागा असते. तिथं ते माणूस बरं असतं, तिथून थोडं सरकलं की नसतं. या जागेला शास्त्रज्ञांनी 'स्वस्थांक' हे नाव दिलं आणि तो शोधण्यासाठी मात्रिका बनवली. तांदळाच्या दाण्याएवढं हे यंत्र दंडाच्या कातडीखाली बसतं, रक्त स्वतःच तपासतं, थायरॉक्सिन कणाकणानं सोडतं आणि शिकत जातं, की हे माणूस कोणत्या मात्रेवर बरं असतं. मात्रिका आली आणि पाठोपाठ गोळी बाजारातून गेली.

आता 'बरं' कुणी ठरवायचं? सगळी मेख इथे आहे. मंदावलेल्या माणसाला आपण मंदावलोय हे उमगत नाही, असं तज्ज्ञांचं मत पडलं. त्यात तथ्यही होतं. पण त्यावर त्यांनी काढलेला उपाय पाहा. आपल्याकडे दवाखान्यात डॉक्टर बाईला विचारतात, "काय होतंय?" आणि उत्तर देतो सोबत आलेला माणूस. "काही नाही हो, जरा अशक्तपणा आहे, वेळेवर जेवत नाही." बाई शेजारी बसून मान हलवते. ही आपली जुनी खोड तज्ज्ञांनी जशीच्या तशी उचलली आणि यंत्रात बसवून टाकली, आणि वर तिला नाव दिलं, 'आप्तकौल'.

एका छपराखाली राहणाऱ्या प्रत्येक सज्ञान माणसाच्या मोबाइलवर रोज संध्याकाळी तीन चौकोन उमटत: शांत, ठीक, बेचैन. थायरॉक्सिन जास्त झालं की माणूस चिडचिडं होतं, बेचैन होतं, हे वैद्यकाच्या पुस्तकात लिहिलेलं आहे. म्हणून घरातून 'बेचैन' आलं की मात्रिका हात आखडता घेई. स्वतः बाईलाही कौल देता येई. पण इंगोल्यांच्या घरात कौल देणारे तिघे होते: नवरा भूषण, सासू सिंधूबाई आणि शलाका. तिचा कौल तिघांतला एक.

भूषण पाटबंधारे खात्यात अभियंता. आवाज न चढवणारा, भाजी आणणारा, बायकोच्या हुशारीचं चारचौघांत कौतुक करणारा माणूस. त्यानं एकदाही खोटा कौल दिला नव्हता. शलाका त्याच्याशी वाद घालून उठली की तो संध्याकाळी प्रामाणिकपणे 'बेचैन' दाबे. ती गप्प बसली की 'शांत'. यंत्र शिकत गेलं.

हे सगळं असंच चालू राहिलं असतं, पण वर्ध्याच्या मावशीच्या खुब्याचं हाड मोडलं. मावशीला दुसरं कुणी नव्हतं. शलाका दोन महिने तिथे राहिली. मावशीकडे तेव्हा मोबाइल नव्हता आणि घरचे एका छपराखाली नव्हते, त्यामुळे मात्रिकेला विचारायला शलाकाशिवाय कुणी उरलं नाही. थायरॉक्सिनचा फरक पडायला पाच-सहा आठवडे लागतात. सहाव्या आठवड्यात शलाका एका सकाळी उठली आणि तिच्या लक्षात आलं की आपण गजर व्हायच्या आधीच उठलोय. बोटं गरम होती. पोट साफ होतं. मावशीच्या मालमत्तेच्या जुन्या भानगडीचे कागद तिनं चहा निवायच्या आत वाचून काढले आणि वाचलेलं दुपारीही आठवत होतं. या साध्या गोष्टीनं तिला रडू आलं.

अमरावतीला परतल्यावर महिना-दीड महिन्यात शाल परत आली. पण आता शलाकाला एक गोष्ट ठाऊक झाली होती आणि ती विसरायच्या आत तिनं मात्रिका केंद्राची वेळ घेतली.

केंद्राचे प्रमुख डॉ. चिंचोळकर मात्रिका घडवणाऱ्या मूळ गटातले शास्त्रज्ञ. त्यांनी पडद्यावरचा आलेख पाहिला आणि भूषणकडे वळून विचारलं, "काय साहेब, कशा आहेत मॅडम?"

"तशी बरी आहे," भूषण म्हणाला. "मध्ये वर्ध्याहून आली तेव्हा जरा..."

"डॉक्टर," शलाका म्हणाली, "मी इथे बसलेय."

डॉक्टर ओशाळले. शलाकानं पर्समधून एक चिठ्ठी काढली. प्रश्न आठवत नाहीत म्हणून तिनं ते सकाळीच लिहून ठेवले होते. त्याचीही तिला चीड येत होती.

"वर्ध्याला माझी मात्रा वाढली आणि इथे आल्यावर ती उतरवली. कशासाठी?"

"अतिमात्रेची शंका आली असणार यंत्राला."

"अतिमात्रेत नाडी वाढते ना? माझी वाढली होती?"

डॉक्टरांनी आलेख पाहिला. "नाही."

"वजन उतरलं? हात थरथरत होते? झोप उडाली होती?"

"तसं काही दिसत नाही."

"मग अतिमात्रेचं कोणतं लक्षण दिसलं तुमच्या यंत्राला?"

"आप्तकौल," डॉक्टर म्हणाले. "सलग 'बेचैन' आलेत."

भूषण खिडकीबाहेर पाहू लागला. शलाकानं चिठ्ठी घडी करून ठेवली. पुढचे प्रश्न तिचे तिलाच सुचत होते.

"तुमच्याकडे पुरुष रुग्ण किती?"

"बायकांच्या मानानं फार थोडे. मीही त्यातलाच. माझ्याही दंडात आहे."

"तुमच्या घरी कौल कोण देतं?"

"सौ. देतात."

"काय देतात?"

"रोज 'शांत'."

"तुम्ही रोज शांत असता, डॉक्टर?"

चिंचोळकर हसले. "छे हो. घरी विचाराल तर मी फार तापट आहे. ती आपली सवयीनं दाबते. दुसरं काही दाबायचं तिच्या मनातही येत नसेल."

"मग तुमची मात्रा कशावरून ठरते?"

डॉक्टरांना शिकवायची हौस होती. ते उत्साहानं पुढे सरसावले. "त्यातच तर गंमत आहे. समजा, एखादा साक्षीदार प्रत्येक प्रश्नाला 'हो' म्हणतो. त्याच्या साक्षीवरून तुम्हाला काही कळेल का? नाही. यंत्रालाही नाही. जो कौल कधीच बदलत नाही, त्यात माहिती नसते. मात्रिका तो बाजूला ठेवते आणि बदलत्या कौलाकडे लक्ष देते. माझ्या बाबतीत बदलणारा कौल फक्त माझा."

"म्हणजे तुमची मात्रा तुम्ही ठरवता."

"तसं म्हणता येईल."

"आणि बाकीचे पुरुष?"

डॉक्टर सांगता सांगता थबकले. हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता, आणि त्यांनी स्वतःलाही विचारला नव्हता. "बहुधा त्यांच्याही घरी तसंच असावं," ते सावकाश म्हणाले.

"आणि बायकांची मात्रा घर ठरवतं. घराला त्रास होणार नाही इतपत औषध."

"मॅडम, इतकं टोकाचं नका बोलू. लाखो बायकांना मात्रिका बसवल्या आहेत. खरंच असं असतं तर तक्रारींचा ढीग लागला असता. मूठभरसुद्धा आलेल्या नाहीत."

"तक्रार करायला अंगात त्राण लागतं, डॉक्टर. तेच तर तुमचं यंत्र काढून घेतंय."

मग शलाकानं साधी मागणी केली: आप्तकौल बंद करा. डॉक्टर म्हणाले की ते त्यांच्या हातात नाही, ग्रंथी मंडळाचा नियम आहे. रुग्णाच्या मागणीवरून आप्तकौल बंद करता येत नाही, कारण मागणी करताना रुग्ण बेचैन अवस्थेत असण्याची शक्यता असते.

"म्हणजे मी शांत असले तर मागणार नाही," शलाका म्हणाली, "आणि मागितलं, याचा अर्थ मी शांत नाही. हे कुणी लिहिलंय? त्या माणसाला एकदा साक्षीला बोलवायचंय मला."

डॉक्टरांनी खाली पाहिलं. नियमाचा मसुदा त्यांचाच होता.

पण बोलण्याच्या भरात डॉक्टर एक वाट दाखवून गेले होते. त्या संध्याकाळी शलाकानं भूषणला आणि सासूबाईंना समोर बसवलं. "मी कशीही वागले तरी रोज 'शांत' दाबायचं. भांडले तरी. जेवायचं ताट सरकवलं तरी. डॉक्टरांच्या बायकोसारखं. मग यंत्र तुमचं ऐकणं सोडेल आणि माझं ऐकेल."

विरोध सासूबाईंकडून होईल असं तिला वाटलं होतं. सिंधूबाई म्हणाल्या, "दाबतो ना मंग. मले त्यातलं काय समजते वं बाई? ह्या भूषणनं सांगतलं होतं, गप असली का पयलं दाब, बोलली का तिसरं दाब. तुले त्यानं एवढं होते हे कोणं सांगतलं मले?" आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी देवापुढे दिवा लावला की लगेच 'शांत' दाबायचं व्रतच धरलं.

भूषण मात्र घुटमळला. "खोटं लिहायचं म्हणजे..." तो म्हणाला. "वैद्यकीय माहिती आहे ती, शलाका. बरं, तू म्हणतेस तर."

मात्रा चढू लागली. पावसाळा सरता सरता शलाका परत कोर्टात उभी राहिली आणि मागचे बाक परत भरले. घरातही तिचा आवाज ऐकू येऊ लागला. दिवाळीच्या तोंडावर भूषणनं सांगितलं की त्याच्या ताईंचं अख्खं कुटुंब पंधरवडाभर राहायला येतंय, त्यानं बोलावून ठेवलंय. गेली काही वर्षं अशा वेळी शलाका 'बरं' म्हणायची आणि डबे काढायला उठायची. या वेळी ती म्हणाली, "मला न विचारता? माझ्या दोन सुनावण्या आहेत त्या आठवड्यात. तू रजा काढ आणि तू कर सगळं. नाहीतर त्यांना सांग, पुढच्या वर्षी या." भूषण मोबाइल घेऊन गॅलरीत गेला.

नाताळच्या सुमारास तिची बोटं गार पडू लागली. तिनं डॉ. चिंचोळकरांना फोन केला. ते नाराजीनंच, पण खरं तेच बोलले. "एक 'बेचैन' आलाय मध्ये. फक्त एकच. पण कित्येक आठवडे एकसारखी साक्ष देणारा माणूस अचानक वेगळं बोलला, तर ती साक्ष सगळ्यांत वजनदार. यंत्रानं तीच धरून ठेवली."

भूषणनं नाकारलं नाही. तो खोटं बोलणारा माणूसच नव्हता. "त्या दिवशी तू खरोखरच बेचैन होतीस," तो म्हणाला. "मी जे पाहिलं ते दाबलं."

"मी चिडले होते, भूषण. चिडायचं कारण होतं. त्यात औषधाचा काय संबंध?"

"तुला खरं सांगू? मला भीती वाटली. मधली ती वर्षं आपल्या घरात किती चांगली गेली. आवाज नाही, वाद नाही. संध्याकाळी तू नुसती शेजारी बसायचीस. मला वाटायचं, आता कुठे संसाराला सूर लागलाय."

"मी आजारी होते रे तेव्हा," शलाका म्हणाली.

त्याला ते कळत होतं. तरी त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते पाणी खरं होतं. तिला मारझोड करणारा नवरा असता तर कायदा होता. या भल्या माणसाविरुद्ध कोणतं कलम लावायचं?

संक्रांतीनंतर शलाकानं कोर्टाजवळ एक खोली भाड्यानं घेतली. भांडण झालं नव्हतं, घटस्फोट नको होता. आठवड्यातून दोनदा ती घरी जेवायला जाई आणि सासूबाई तिला डब्यातून लोणचं आणि रविवारच्या मटणातला वाटा बांधून देत. नातेवाईक खाजगीत विचारत, "नेमकं झालं काय?" नेमकं एवढंच झालं होतं, की बरं राहायचं तर तिला एकटं राहणं भाग होतं. पंचवीस वर्षांचा संसार असलेल्या बाईला औषधाच्या योग्य मात्रेसाठी घर सोडावं लागतं आणि मोबाइलवर ठिपका हिरवाच राहतो, याची लाज कुणालाच वाटत नव्हती.

खोलीत ती बरी झाली. हातात काम घेतलं तेही मोठं: ग्रंथी मंडळाविरुद्ध नागपूर खंडपीठात याचिका. डॉ. चिंचोळकरांनी पुरुषांच्या आणि बायकांच्या मात्रांचा फरक तपासून प्रतिज्ञापत्र द्यायचं कबूल केलं होतं. उशिरा का होईना, त्यांना घरी विचारावंसं वाटलं होतं की रोज 'शांत' का दाबतेस. बायकोनं काय उत्तर दिलं ते त्यांनी शलाकाला सांगितलं नाही. रोज रात्री जेवण झालं की शलाका खोलीत येरझाऱ्या घालत मोठ्यानं युक्तिवादाचा सराव करी. तिची ती जुनी सवय होती.

मंडळाकडेही माहिती जमा होतच होती. एकट्या राहणाऱ्या बायकांची मात्रा सहकुटुंब राहणाऱ्या बायकांपेक्षा बरीच जास्त असते, हे मंडळाच्या लक्षात आलं. यावरून काय निष्कर्ष काढावा? घरात बायकांना औषध कमी मिळतंय? नाही. मंडळाचा निष्कर्ष असा, की एकटेपणाचा ग्रंथीवर ताण पडतो आणि एकट्या बायकांची काळजी घ्यायला कुणी नसल्यामुळे त्यांची मात्रा भरमसाट वाढते. यावर तातडीनं उपाय करावा, असं ठरलं.

सुनावणीला थोडेच दिवस उरले असताना घरमालकीण नंदाताई गावंडे जिना चढून वर आल्या. वाटीत शेवयांची खीर होती. नंदाताई खालच्या मजल्यावर एकट्या राहत आणि भाडेकरणीवर माया करत.

"तब्येत बरी नाही वाटते," त्या म्हणाल्या. "दोन-तीन दिवस झाले, तुमचा आवाज नाही वरून."

"जरा थकल्यासारखं झालंय," शलाका म्हणाली. टेबलावर याचिका उघडी होती आणि ती संध्याकाळपासून एकाच पानावर होती.

"पण मले बाई बरंच वाटलं. आधी तुम्ही रात्री एकट्याच जोरजोरानं बोलत होत्या ना, कोणाले तरी जाब विचारत होत्या, तेव्हा मी लय घाबरली होती. म्हटलं, एकटी बाई, डोक्यावर परिणाम व्हायचा. नशीब, त्याच वेळी तो मंडळाचा मेसेज आला."

"कोणता मेसेज?"

"मानद आप्त का काय ते केलं ना मले. तुमच्याच घरात राहतो म्हणून. ते तीन चौकोन येतात पाहा रोज. 'बेचैन' दाबलं का मॅडमले योग्य उपचार भेटतो, असं लिहेल होतं त्यात. मी दीड महिना न चुकता, आवाज चढला का 'बेचैन' दाबलं, नाही चढला का 'ठीक'." नंदाताईंनी समाधानानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "आज मात्र 'शांत' दाबलं. खीर खाऊन घ्या, थंडी होते."

शलाकाला काय झालंय ते सगळं कळलं. या बाईवर ओरडायला हवं, मोबाइल हिसकावून घ्यायला हवा, आत्ता या क्षणी चिंचोळकरांना फोन लावायला हवा, हेही कळलं. संताप यायला हवा होता. तो येतही होता, पण फार सावकाश येत होता, आणि तोवर नंदाताई जिना उतरून गेल्या होत्या.